लाईट गेली की नीट चालणारं मशीन

सर,

तुमचं मशीन मी बंद केलं त्याला आज सोळा दिवस झाले. बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं, हे तुम्हाला माहीत होतं. मग पडद्यावर प्रश्न येतो, खरंच बंद करायचं का, आणि पुन्हा एकदा होकार द्यावा लागतो. हा होकार मी वर्कशॉपमध्ये कितीदा दिला असेल, एका हातात चहाचा कप धरून. त्या सकाळी मुरुडला तुमच्या पलंगाशी उभं राहून तो देताना मात्र बोट हलेना. डॉक्टरांचं तपासून झालं होतं. काकूंचा हात तुमच्या कपाळावर होता. आणि मशीन आपलं तुमच्या छातीत हवा भरतच होतं, त्याला कोण सांगणार. शेवटी काकूच म्हणाल्या, "मारोती, दाबा आता. लई दमलंय ते." मग मी दाबलं.

पुढचे दिवस माणसं येत राहिली, बसत राहिली आणि "सुटले बिचारे" म्हणून उठत राहिली. दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जायची. कसले बिचारे? घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, फार तर एक उन्हाळा काढतील. तुम्ही सहा काढलेत, तेही स्वतःच्या पलंगावर, समोरच्या सतरंजीवर दहावीची पोरं बसवून त्यांना वर्गसमीकरणं सोडवायला लावत. ज्याला हालचाल म्हणावी ती तुमच्या फक्त डाव्या तर्जनीत उरली होती आणि त्या एका बोटानं तुम्ही अख्ख्या वर्गाला धाकात ठेवलंत. हे सगळं त्या माणसांना तोंडावर सांगावं असं वाटत होतं, पण काकूंनी डोळ्यांनीच दटावलं. माझा फ्यूज पाव अँपिअरचा आहे, असं तुम्हीच म्हणायचात.

म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. शिवाय तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीन वर्षं मी ती पोटात ठेवली.

आपली ओळख मशीननंच करून दिली. मी मूळचा हदगावचा, पोटापाण्यासाठी लातूरला आलेला आणि दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. तुम्ही मुरुडच्या शाळेतले गणिताचे कदम सर. तुमचे स्नायू एकेक करून संपावर गेले, हा शब्द तुमचाच. आधी पाय, मग हात, मग छाती. लातूरच्या दवाखान्यात गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि त्या नळीला मशीन जोडलं. दोन महिने तुम्ही तिथल्या काचेच्या खोलीत काढलेत. मग तुमच्या हट्टापुढे सगळ्यांनी हात टेकले आणि शाळेच्या दप्तराएवढं एक घरगुती मशीन घेऊन तुम्ही मुरुडला आलात.

ते बसवून मी निघालो तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. मशीनच्या एका हवेत तुम्हाला चार-पाच शब्द बोलता यायचे, की पुढची हवा येईपर्यंत गप्प. मला तेव्हा त्याची सवय नव्हती. वाक्य संपलं समजून मी दोनदा दाराकडे वळलो आणि दोनदा परत फिरलो.

"तिथं मला पेशंट म्हणतात…" तुम्ही म्हणालात. "इथं सर म्हणतात… मला परत तिथं… न्यायचं नाही. एवढं तुझ्याकडं."

मी हो म्हणून टाकलं. आपण काय कबूल केलं ते मला लातूरला पोचेपर्यंत कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तुम्हाला घरी सोडलं ते एका अटीवर. मशीननं एकदा जरी दगा दिला आणि तुम्हाला दवाखान्यात हलवावं लागलं, तर पुन्हा घरी सोडणार नाहीत. म्हणजे तुमचं घर, तुमचा वर्ग, काकूंच्या हातचं पिठलं नुसतं जिभेला लावून बघणं, हे सगळं माझ्या पाना-पक्कडीवर टांगलेलं होतं.

आपलं बाकी छान जमायचं. फक्त एका गोष्टीवर कधी पटलं नाही. खंडेनवमीला मी वर्कशॉपमध्ये सगळी हत्यारं पुसून टेबलावर मांडतो. मीटर, सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हर, आणि दुरुस्तीला आलेली मशीनंही. कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, नारळ. माझे वडील हदगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पान्याला कुंकू लावल्याशिवाय त्यांच्या घशाखाली दसऱ्याचा घास उतरायचा नाही. हे तुम्हाला सांगितलं त्या दिवशी तुम्ही माझा वर्गच घेतलात.

"मशीनला काय कळतंय… कुंकवाचं?"

"त्याला नाही कळत सर, मला कळतं. वर्षातनं एकदा त्याच्यापुढं हात जोडले की वर्षभर त्याच्यावर हात नीट चालतो."

"पूस की. तेल घाल… हात कशाला जोडतोस?"

"तुम्ही खडूला पाया पडत नव्हता का?"

"खडू संपायचा… पाया पडून टिकला असता तर… पडलो असतो."

काकू आतून हसायच्या. दोन वर्षं हा वाद असाच चालला. दर दसऱ्याला तुम्ही तो उकरून काढायचात आणि मीही त्यासाठी तयारीनं यायचो.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात मी तुमचं मशीन सर्व्हिसिंगला लातूरला नेलं आणि तुमच्याकडे बदली म्हणून दुसरं ठेवलं. नवमीला तुमचं मशीन माझ्या टेबलावर उघडं होतं, नळ्या काढलेल्या. बाकी हत्यारांबरोबर मी त्याचीही पूजा केली. मग सगळं जागच्या जागी बसवलं, छातीऐवजी रबरी पिशवी जोडून अर्धा दिवस चालवून बघितलं आणि दसऱ्याला दुपारी तुमच्या घरी आणून लावलं. काकूंनी मला आपट्याची पानं दिली, मशीनला ओवाळलं आणि वरून दोन अक्षता टाकल्या. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, जणू तुम्हाला बघवत नव्हतं. बदलीचं मशीन मी घेऊन गेलो आणि दुसऱ्याच दिवशी ते उदगीरच्या एका पेशंटकडे पाठवलं.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. "मारोती, मशीन वाजायलंय. नळी सुटली म्हणून वाजायलंय, अन् नळी तर कुठंच सुटलेली न्हाई."

मी फोनवरच सांगितलं, सगळे जोड घट्ट करा. त्यांनी केले. मशीन गप्प झालं, दोन तासांनी पुन्हा वाजलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः आलो, तर माझ्यासमोर तासभर शहाण्यासारखं चाललं. मी परत लातूरला पोचत नाही तोच पुन्हा फोन. असं करत करत आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी ते वाजायचं थांबेचना. मध्येच गप्प, मध्येच हवेचा असा जोराचा धक्का की तुमचं डोकं उशीवरून उचललं जायचं. काकूंनी मशीन काढलं, हातानं दाबायचा फुगा गळ्याच्या नळीला जोडला आणि दाबायला लागल्या. शेजारणीकडून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गाडी पाठवतो.

मी मोटारसायकल कशी हाणली ते विचारू नका. गाडीच्या दहा मिनिटं आधी पोचलो. डॉक्टरांना फोन करून गयावया केली तेव्हा ते म्हणाले, "एक तास. पुढे मी ऐकणार नाही." तोवर स्ट्रेचर ओसरीवर येऊन टेकलं होतं.

त्या तासातली पहिली चाळीस मिनिटं मी वाया घालवली, सर. आज कबूल करतो. नळ्यांचा अख्खा संच नवा घातला. झडपेची चकती बदलली. गाळणी बदलली. मशीन आपलं एकच पालुपद लावून बसलं होतं, नळी सुटली, नळी सुटली. माझं डोकं चालेना तेव्हा मी ते काकूंवर काढलं. त्यांनी मशीनला झालर लावून एक कापडी झाकण शिवलं होतं, टीव्हीला असतं तसं. मी ते ओढून काढलं आणि म्हणालो, "हे कुणी घालायला सांगितलं होतं तुम्हाला? गुदमरतंय ते आत." त्यांचे दोन्ही हात फुग्यावर होते आणि ओठ मोजत होते. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी ते झाकण घडी घालून ठेवलं.

मग तुम्ही वही मागितलीत. चौकटीची वही, जिच्यात काकू प्रत्येक वेळची नोंद करायच्या, कधी वाजलं आणि किती वेळ. आता तुमचं बोलणं काकूंच्या मुठीवर चाललं होतं. त्या दाबायच्या, तुम्ही चार शब्द बोलायचात.

"कधी वाजलं ते… वाचू नको. कधी वाजलं नाही… ते वाच."

"सर, गणिताचा तास नाही हा."

"हाच आहे… वाच."

मी चरफडत वाचायला लागलो. सोमवारी दुपारी बारा ते तीन, नाही. मंगळवारी सकाळी नऊ ते बारा, नाही. बुधवारी पुन्हा दुपारी, नाही. काकू फुगा दाबता दाबता म्हणाल्या, "त्या टायमाला लाईट नव्हती."

मी म्हणालो, मग तर मशीन बंद पडायला पाहिजे, बॅटरीवर ताण येतो. ओसरीवरचा गाडीचा ड्रायव्हर तेवढ्यात हसला. "आमच्या गावात लाईट गेली की सगळं बंद पडतंय, अन् तुमचं एकच मशीन लाईट गेली की नीट चालायलंय. कमाल हाय."

तो थट्टेत बोलला. तुम्ही तेच उचललंत. तुमचे डोळे चमकले. वर्गात एखाद्या मागच्या बाकड्यावरच्या पोरानं चुकून बरोबर उत्तर दिल्यावर चमकायचे तसे.

"लाईट गेली की… इन्व्हर्टरवर काय नाही?"

मी आठवलं. इन्व्हर्टरवर मशीन होतं, एक पंखा, एक दिवा. हवा कोमट आणि ओली करणारं पाण्याचं भांडं नव्हतं. ते फार वीज खातं म्हणून मीच त्यावर जोडलं नव्हतं.

"म्हणजे वाफ नाही… तेव्हा ठीक. वाफ आली… की वाजतं." काकूंनी आणखी एकदा दाबलं. "मला हवा नीट… येत होती, मारोती. मशीन म्हणतं… येत नाही. देणारी नळी ठीक… सांगणारी अडलीय."

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून सांगतो. मशीनमधून दोन नळ्या निघतात. जाड नळी हवा घेऊन जाते. पेनच्या रिफिलीएवढी बारीक नळी उलट बातमी आणते, हवेचा दाब छातीपाशी किती झाला याची. ती बातमी पोचली नाही की मशीनला वाटतं, नळी सुटली. तुम्ही मशीन कधी उघडून बघितलं नव्हतं. तीन वर्षं नुसतं त्याच्या जोडीला पडून होतात.

पण मी अजून वाद घालत होतो. "ती बारीक नळी मी आत्ताच नवी घातली, सर."

"नळी जिथं खुपसतोस… तिथं बघितलं?"

तिथं कोण बघतं? मशीनच्या अंगात एक बारीक टोक असतं, ज्यावर ती नळी चढवायची. मी नळी काढली आणि मोबाईलच्या उजेडात त्या टोकात डोकावलो. आत काहीतरी होतं, फिकट गुलाबी. सर्वांत बारीक चिमटा घातला आणि हलक्या हातानं ओढलं, तर एक दाणा बाहेर आला. तांदळाची कणी. कुंकू लावलेली, वाफेनं फुगून मऊ झालेली. कोरडी असली की कडेनं हवा जायची, म्हणून माझ्या टेबलावर वाफेशिवाय मशीन ठीक चाललं होतं. वाफ लागली की फुगून भोक गच्च.

मी ती तळहातावर धरली. ओसरीवरची माणसंही आत वाकून बघत होती. काकूंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझीच अक्षता हाय की ही. दसऱ्याला मीच टाकली." पण हात थांबला नाही हां, सर. रडवेल्या झाल्या होत्या तरी मोजणं चुकलं नाही.

आता तुम्हाला सांगायची राहिलेली गोष्ट. ती कणी काकूंची नव्हती. त्यांनी अक्षता टाकल्या तेव्हा नळी टोकावर घट्ट बसलेली होती, आत कणी काय, धूळ जायला वाट नव्हती. ते टोक उघडं होतं फक्त एका दिवशी आणि एका टेबलावर. चिमट्यात दाणा दिसला त्या क्षणी मला हे कळलं. मी अक्षता टाकल्या, मग नळी चढवताना माझ्याच अंगठ्यानं त्यांतली एक आत ढकलली. हात जोडून मी तुमचा श्वास बुजवला होता. आणि काकू म्हणाल्या माझंच चुकलं, तेव्हा मी गप्प बसलो. "होतं असं," एवढंच म्हणालो. त्यांना मोठ्या मनानं माफ केल्यासारखं.

नळी लावली, भांडं चालू केलं, रबरी पिशवी जोडली. वाफ धरू दिली. मशीन वाजलं नाही. डॉक्टर फोनवर होते, त्यांनी आकडे विचारले, मी सांगितले. मग काकूंनी फुगा काढला आणि मी मशीन तुमच्या गळ्याला जोडलं. पहिली हवा, दुसरी, तिसरी. तुमचे खांदे खाली आले. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या घरी." असं वाटलं, ओसरीवर जाऊन हलगी वाजवावी.

दोन माणसं स्ट्रेचर उचलायला लागली तर तुम्ही त्यांना थांबवलंत. "चहा घेऊन… जा." काकूंचे हात इतके आखडले होते की कपबशी वाजत होती, तरी चहा त्यांनीच केला. ड्रायव्हरनं दोन कप घेतले. गाडी रिकामी परत गेली आणि तुम्ही मला फर्मावलंत, "पोरांना निरोप दे… वर्ग पाचला." त्या दिवशी पाच वाजता वर्ग झाला. मी मागं बसून ऐकला. डोक्यात काही शिरलं नाही, पण इतक्या आनंदानं गणिताच्या तासाला मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

पुढं मला एकाच गोष्टीचं नवल वाटत राहिलं. खंडेनवमीचा वाद तुम्ही त्या दिवशी कायमचा जिंकला होतात. तुमच्यासारखा माणूस अशी संधी सोडणं शक्य नव्हतं. पण तुम्ही तो विषयच काढला नाहीत. पुढच्या वर्षी मीच चाचरत म्हणालो, यंदा पूजा करावी का नाही बघतो. तुम्ही म्हणालात, "कर की. फूल वाहा… तांदूळ भातात घाल." आणि हसलात. मला वाटलं, सरांना कळलेलंच नाही. एवढं मोठं कोडं पडल्या पडल्या सोडवणाऱ्या माणसाला पुढची एक साधी पायरी दिसली नाही, असं मी मानून घेतलं. ते सोयीचं होतं ना मला.

काकूंचं मात्र सुरू राहिलं. मी सर्व्हिसिंगला आलो की त्या म्हणायच्या, "नीट बघा हो मारोती, मागं माझ्या हातनं लई मोठी चूक झाली होती." दर वेळी. तीन वर्षं. आणि दर वेळी मी म्हणायचो, जाऊ द्या काकू, होतं माणसाकडून. मोटारसायकल सुरू करताना स्वतःला शिव्या घालायचो आणि ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगायचंच. पुढच्या खेपेला तुम्ही काहीतरी विनोद करायचात आणि राहून जायचं. शेवटी तुम्हीच राहिला नाहीत.

परवा मशीन न्यायला आलो तेव्हा मी काकूंसमोर खाली बसलो आणि सांगून टाकलं. ती अक्षता तुमची नव्हती, माझी होती, आणि मला ते त्याच मिनिटाला कळलं होतं. मान वर करायची हिंमत नव्हती.

काकू म्हणाल्या, "मला ठावं हाय की."

मी मान वर केली.

"तुम्ही त्या दिवशी गेलात, अन् ह्यांनी मला सांगितलं. नळी बसलेली असताना दाणा आत जातोय कसा, म्हणले. तो मारोतीच्या टेबलावरचा हाय. मी म्हणलं, मग बोलले कामून न्हाई त्याला? तर म्हणले, त्याला कळलंय, तोंडावर दिसलं. आपण बोललो तर पुढच्या बारीला माझ्या मशीनला हात लावताना त्याचा हात कापंल. हात कापला की आपलं घर गेलं. तू तुझ्यावरच ऱ्हाऊ दे."

"मग तुम्ही दर वेळी ते…"

"मी कशाला विसरू देते तुम्हाला? तुम्ही लई ध्यान देऊन बघायचात त्याच्यानं." आणि सर, तुमची बायको हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. "तुम्ही गेल्यावर आम्ही दोघं लई हसायचो. हे म्हणायचे, आज मारोतीचं तोंड बघितलंस का?"

आधी मला राग आला. तीन वर्षं तुम्ही दोघं मिळून मला खेळवत होतात. मग लाज वाटली, आणि मग हसू आलं, आणि त्या हसण्यातच मला रडू फुटलं. माझा हात कापू नये म्हणून तुम्ही जिंकलेला वाद सोडून दिलात आणि काकूंनी न केलेली चूक तीन वर्षं पदरात बाळगली. माझ्या नकळत मला दुरुस्त करत होतात तुम्ही. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तुमचे पाय धरायचे राहिले, तेवढं माफ करा.

डोळे पुसून काकूंनी विचारलं, मशीन आता कुठं चाललंय. मी सांगितलं, अर्धापूरला. केळीवाल्या शेतकऱ्याची सून, शोभाताई, चाळिशीची. तुमच्यासारखाच आजार. नांदेडच्या दवाखान्यात तीन महिने अडकली आहे, घरी मशीन मिळालं तरच सोडतील. काकू उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. "मी येते. फुगा कसा दाबायचा ते तुम्ही काय शिकवताव त्यांना? तुमची मूठ बाप्याची." तुमच्या भावजयीनं नाक मुरडलं, चौदा दिवस तर झाले, उंबऱ्याबाहेर पडायची काय घाई. काकूंनी ऐकलं नाही. सहा वर्षांत बाजाराच्या पलीकडे न गेलेली बाई काल जीपमध्ये मशीन मांडीवर घेऊन बसली आणि अर्धापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा शोभाताईंना नुकतंच पलंगावर घेतलं होतं. दवाखान्याच्या गाडीतलं मशीन काढून आपलं लावायचं, म्हणजे गाडी परत जाईल. मी सामान मांडत होतो. सासरे मशीन निरखत होते. त्यांनी विचारलं, "नवं दिसून नाही राहिलं. कोणाचं व्हतं हे?"

मी काहीतरी गोल बोलणार होतो. काकू सरळ म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं. पंधरा दिवस झाले जाऊन."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरे हळू आवाजात मला म्हणाले, "साहेब, गेलेल्या माणसाचं… दुसरं नाही का भेटत? वेळ लागला तर लागू द्या." माझा फ्यूज उडायच्या बेतात होता. काकूंनी माझं मनगट धरलं.

पलंगावरून आवाज आला. शोभाताई एका हवेत दोनच शब्द बोलू शकत होत्या, आणि त्या काकूंकडे बघत होत्या.

"ते कुठं… गेले?"

"घरीच," काकू म्हणाल्या. "आमच्या पलंगावर."

"घरी किती… दिवस होते?"

"सहा वर्षं. एक दिवस बी दवाखान्यात न्हाई."

शोभाताईंनी मशीनकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे नजर वळवून म्हणाल्या,

"मग हेच… लावा."